पिकअपवर कॅम्पर बसवताय? वजनाच्या या चुका टाळा

"काका, माझ्या हौद्यावर किती फुटी कॅम्पर बसेल?" शेडमध्ये येणारा जो तो हेच विचारतो. किती किलोचा चालेल, हे विचारणारा वर्षातून एखादाच. बेळगावच्या उद्यमबागेत मी पिकअपवरचे कॅम्पर, म्हणजे मागच्या हौद्यावर बसणाऱ्या झोपायच्या-स्वयंपाकाच्या खोल्या, बांधतो. दुसरीकडे बांधलेलेही दुरुस्तीला येतात: स्प्रिंगचे पाटे बसलेले, टायर झिजलेले, हौद्याच्या कोपऱ्यांना तडे. मालकाला विचारावं, "भरलेली गाडी वजनकाट्यावर घेतली होती का?" उत्तर ठरलेलं असतं: नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीची मर्यादा. त्यांची वजाबाकी केली की तुम्हाला किती सवड आहे ते कळतं. त्या सवडीत कॅम्परचा सांगाडा येतो, तसं पाणी, बॅटऱ्या, गॅस, भांडी, अंथरुणं आणि माणसंही येतात. बांधणारा सांगतो ते फक्त कोरड्या कॅम्परचं वजन.

गेल्या डिसेंबरात एक ओळखीचं कुटुंब पुढं आणि मागं माझी गाडी, असे आम्ही चोर्ला घाटातून गोव्याला निघालो. त्यांची डबल केबिन पिकअप, कॅम्पर बाहेरून करून आणलेला. जांबोटीला चहाला थांबलो तेव्हाच गाडी मागं बसलेली दिसली. गाडी चालवणाऱ्या त्यांच्या पोराला म्हटलं, पाणी तरी अर्धं सोडून दे. "काय होत नाही ओ काका, दोन पाटे वाढवलेत की!"

कणकुंबी मागं पडली आणि केरीकडचा उतार लागला. थोड्याच वळणांनंतर जळक्या ब्रेक लायनरचा वास माझ्या खिडकीतून आत आला. पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे विझतच नव्हते. मी हॉर्न वाजवत राहिलो. शेवटी पेडल मऊ पडून खाली जायला लागलं, तेव्हा पोरानं दुसरा गिअर टाकला, हॅन्डब्रेक ओढत ओढत गाडी डोंगराकडच्या चरीत घातली. मागच्या चाकांतून धूर येत होता. त्याचा भाऊ बादली घेऊन धावला, मी त्याचा हात धरला. ब्रेकचा ड्रम बिडाचा असतो. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की तडा जातो, हे बेळगावातल्या फाउंड्रीतला कोणीही सांगेल. ड्रम आपोआप निवेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. मागच्या सीटवर त्याची आई होती, मांडीवर नात. त्या माऊलीचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

परतल्यावर सगळं तसंच भरून, त्याच माणसांसकट, मी ती गाडी काट्यावर नेली. आरसीवर रिकामी 1,690 किलो, भरलेली 2,960, म्हणजे सवड 1,270. काटा झाला 3,390. कॅम्पर 950, पाणी 200, दोन बॅटऱ्या 110, फ्रीज-शेगडी-भांडी 130, पाच माणसं 280, मागं लटकवलेल्या दोन सायकली 30. एकेक वस्तू हलकीच वाटते, पण बेरीज 430 किलोनं वर गेली. मग नुसती मागची चाकं काट्यावर घेतली: 2,250. टायरवर भार निर्देशांक 106, म्हणजे एका टायरला 950 किलो, दोघांना मिळून 1,900. काट्याला लागलेला वेळ दहा मिनिटं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या पट्ट्यात काटा शोधत हिंडावं लागत नाही, मग आधी का जात नाही माणूस?

आता त्या वाढवलेल्या पाट्यांविषयी. पाटे वाढवले की गाडी मागून उचलते, एवढंच. एक्सल तोच, बेअरिंग तेच, ड्रम आणि टायर तेच, आरसीवरचा आकडाही तोच. उलट गाडी बसलेली दिसत नाही म्हणून माणूस आणखी सामान कोंबतो. जादा वजनाचं सहज दिसणारं लक्षण झाकायला लोक पैसे मोजतात, हे बघून माझा जीव तुटतो. माझ्याकडे कोणी पाटे वाढवायला आला तर मी आधी काट्याची पावती मागतो. पावती नसेल तर कामाला हात लावत नाही, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

वजन मागच्या एक्सलच्या पलीकडे गेलं की पुढची चाकं हलकी होतात. नवशिके खूश होऊन सांगतात, "स्टेअरिंग एकदम मऊ झालंय." गाडी तिथल्या तिथं थांबवायला सांगणारं लक्षण आहे ते. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या मी केबिनला चिकटून, तळाशी बसवतो. अमेरिकेत कॅम्पर बनवणाऱ्याला त्याचा गुरुत्वमध्य कुठे आहे ते सांगावं लागतं आणि पिकअप बनवणाऱ्याला तो हौद्यात कुठवर चालेल ते. आपल्याकडे ते काम बांधणाऱ्यानंच मनावर घ्यायला हवं.

19 मिलिमीटरचा प्लाय सगळीकडे वापरू नका, आठ बाय चारचा एक ताव पस्तीस-चाळीस किलोचा भरतो. कपाटांना 9 मिलिमीटर पुरतो.

टपावर जनरेटर नको.

घाट ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा.

आरटीओची परवानगी न घेता बांधणी बदलू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे. जादा वजनाला कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, अशी 2019 ची दुरुस्ती आहे.

"दिवाळीच्या आत द्या, काटा नंतर बघू" म्हणणाऱ्यांचं काम मी घेत नाही. माझ्या शेडमधून गाडी निघायच्या आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरतो, गाद्या टाकतो, मालकाच्या घरची माणसं बसवतो आणि काटा करतो. ती पावती आरसीबरोबर एकाच पिशवीत ठेवायची. पुढं कधी नवी वस्तू चढवली की पावतीच्या मागं पेन्सिलनं तिचं वजन लिहायचं, उतरवली की खोडायचं.