सिअ‍ॅटलकडे फायर डिपार्टमेंटमध्ये ईएमटी व्हायचंय? मग ही तयारी

सिअ‍ॅटल आणि भोवतालच्या किंग काउंटीत छातीत दुखतंय म्हणून ९११ ला फोन केला, तर दारात बहुतेक वेळा आधी लाल बंब येऊन उभा राहतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा दचकून विचारतात, "आग कुठे लागलीय?" आग कुठेच नसते. बंबातून उतरलेले तिघे-चौघे फायरफायटर तर असतातच, पण ईएमटीही (आणीबाणीत पहिले उपचार करणारे प्रशिक्षित कर्मचारी) असतात, आणि त्या घरात त्यांचं काम ईएमटीचंच असतं. महाराष्ट्रात १०१ चं अग्निशमन दल वेगळं आणि २०१४ पासून धावणारी १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स वेगळी. इथे हे दोन्ही एका छपराखाली आलं ते १९७० मध्ये, डॉ. लिओनार्ड कॉब आणि तेव्हाचे फायर चीफ गॉर्डन व्हिकरी यांनी 'मेडिक वन' ही आपत्कालीन सेवा सुरू केली तेव्हा. आधी ईएमटी पोचतात, आणि प्रकरण गंभीर असेल तर मागून पॅरामेडिक (औषधं, नळी असे पुढचे उपचार करणारे) येतात. ही दोन टप्प्यांची रीत आजही तशीच आहे.

अमेरिकेतल्या फायर डिपार्टमेंटांना येणाऱ्या कॉलपैकी सुमारे दोन तृतीयांश वैद्यकीय असतात आणि प्रत्यक्ष आगीचे शंभरात चार-पाच. तरी या नोकरीसाठी येणारी बहुतेक मुलंमुली शिडी, कुऱ्हाड आणि धुराचीच तयारी करून येतात. पुढची यादी त्यामुळे जरा वेगळ्या क्रमाची वाटेल. बाथरूममध्ये पडलेल्या आजोबांना उचलण्यापासून विचार केला, तर तयारी नीट होते.

कागदपत्रांचं आधी उरकून घ्या. वय १८ पूर्ण, हायस्कूल डिप्लोमा किंवा जीईडी (त्याच्या तोडीची परीक्षा), आणि गाडी चालवण्याचा स्वच्छ रेकॉर्ड. बारावी महाराष्ट्रात झाली असेल तर मार्कशीटचं मूल्यांकन करून घ्यायला वेळ लागतो, ते आजच पाठवा. बहुतेक विभाग नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात, तेव्हा एच-१ किंवा एच-४ व्हिसावर असाल तर कोर्सचे पैसे भरण्याआधी हवा तो विभाग काय मागतो ते लेखी विचारा. पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्मात राहिलेले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, सगळे दंड लिहावे लागतात. पुण्यातल्या हॉस्टेलचा पत्तासुद्धा. जे आहे ते लिहा. जुना स्पीडिंगचा दंड चालून जातो, लपवलेला चालत नाही.

ईएमटीचा कोर्स कम्युनिटी कॉलेजात एका क्वार्टरचा (तिमाही सत्राचा) असतो, साधारण दीडशे तास किंवा थोडा जास्त. नंतर नॅशनल रजिस्ट्री या ईएमटींना प्रमाणित करणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेची संगणकावरची परीक्षा: ७० ते १२० प्रश्न, दोन तास. तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा-अवघड होत जातो, त्यामुळे मध्येच प्रश्न फार कठीण वाटू लागले तर हातपाय गाळू नका. घोकून पास होणाऱ्यांना ही परीक्षा त्रास देते. कारण चारही पर्याय बरोबर दिसतात आणि विचारलेलं असतं, यातलं आधी काय कराल? जागा सुरक्षित आहे का, मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. हा क्रम हाडात मुरलेला हवा. आणि एक गोष्ट इथल्या नवख्यांना उशिरा कळते. वॉशिंग्टन राज्यात नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. राज्याचं प्रमाणपत्र हवं तर परवानाधारक ईएमएस (आपत्कालीन वैद्यकीय सेवा) संस्थेशी तुम्ही जोडलेले असावे लागता. म्हणून कोर्स चालू असतानाच खासगी अ‍ॅम्ब्युलन्स कंपनीत अर्ज टाकून ठेवा, नाहीतर शहराबाहेरच्या एखाद्या छोट्या विभागात स्वयंसेवक म्हणून नाव द्या. काही विभाग भरतीनंतर स्वतःच ईएमटी शिकवतात, पण आधीचा अनुभव असलेला उमेदवार मुलाखतीत वेगळाच बोलतो.

लसींची फाइल करा. हेपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात. भारतातलं लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड सापडलं तर उत्तम, नाही तर रक्तातली प्रतिपिंडं तपासून घेता येतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांनी क्षयरोगासाठी हातावरच्या सुईच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी मागून घ्यावी. त्या लसीमुळे सुईची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, चिठ्ठ्या, खुलासे यात महिना जातो.

आता शरीर. फायरफायटर भरतीच्या सीपॅट या शारीरिक चाचणीचं नाव ऐकलं असेलच: आठ कामं, १० मिनिटं २० सेकंद, अंगावर सगळा वेळ ५० पौंडांचं जॅकेट. सुरुवातीलाच जिन्याचं यंत्र येतं आणि तिथे खांद्यांवर आणखी २५ पौंड चढवतात. मिनिटाला ६० पायऱ्यांच्या वेगाने तीन मिनिटं. बरेच जण इथेच संपतात, आणि इथे टिकलेले पुढे १६५ पौंडांचा पुतळा ओढताना बसतात. जिमच्या ट्रेडमिलवर पळून हे जमत नाही. कॅपिटल हिलवरच्या हाऊ स्ट्रीटच्या ३८८ पायऱ्या पाठीवर वजन घेऊन चढा, आठवड्यातून दोन-तीनदा, पावसातसुद्धा. दरवर्षी कोलंबिया सेंटरच्या १,३५६ पायऱ्या फायरफायटर संपूर्ण पोशाखात चढतात. तो कार्यक्रम निदान बघून या, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळेल.

पण खरी कंबर लागते ती चाचणी संपल्यावर. रात्री तीन वाजता, कमोड आणि बाथटबच्या मधल्या दीड हाताच्या फटीत अडकलेला दोनशे साठ पौंडांचा माणूस, ओली फरशी, आणि तुमचा एक पाय ठेवायला जागा नाही. अशा ठिकाणी पाठीच्या जोरावर उचलायला गेलात तर नोकरी संपली समजा. डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलण्याचा व्यायाम) शिका, पण कोणाकडून तरी नीट शिका. दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन लांब चालण्याचा सराव करा, कारण जिन्यावरून खुर्ची उतरवताना आधी सुटते ती मूठ. माणसाच्या कमरेला पट्टा कसा बांधायचा, चादरीची पकड कशी करायची, त्याचेच गुडघे वाकवून त्याला स्वतःला उठायला कशी मदत करायची, हे घरातल्या घरात एखाद्या धडधाकट भावावर करून बघा. मोजणी डोक्याशी असलेला माणूस करतो आणि उचलायचं 'तीन'वर, तीननंतर नाही. ही बारीक गोष्ट वाटते, पण चौघांपैकी दोघांनी वेगळ्या क्षणी उचललं तर रुग्ण तिरका होतो आणि भार एकाच्या मणक्यावर येतो.

सीपीआरबद्दल (हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देण्याबद्दल) या भागात जरा जास्तच आग्रह आहे, आणि तो रास्त आहे. कोणाच्या तरी डोळ्यांदेखत हृदय बंद पडलं आणि हृदयाची लय शॉक देण्याजोगी असली, तर किंग काउंटीत अशांपैकी सुमारे निम्मे रुग्ण वाचतात. ही किमया औषधांची कमी आणि नेटक्या दाबांची जास्त. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली किमान दोन इंच, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा आणि मधला खंड दहा सेकंदांच्या आत. इथले पॅरामेडिक येऊन नळी घालतात, औषध देतात, पण छाती मात्र ईएमटीच्या ताब्यात असते. सरावासाठी मोबाइलवर मेट्रोनोम (ठेका देणारं अ‍ॅप) ११० वर लावा आणि पुतळ्यावर सलग दोन मिनिटं दाबा. पहिलं मिनिट सोपं जातं. दीड मिनिटानंतर आपण नकळत छातीवर रेलायला लागतो, वेग तोच राहतो पण छाती पूर्ण वर येत नाही, आणि ते दाबणाऱ्याला स्वतःला कळत नाही. म्हणून शेजारी कोणीतरी गुडघे टेकून फक्त तळहात आणि छाती यांच्याकडे बघणारा हवा. टीका ऐकून घ्यायची सवय इथेच लावून घ्या.

शॉक किंवा दाबांपेक्षा जास्त वेळा तुम्ही प्रश्न विचाराल. काय होतंय, कधीपासून, अ‍ॅलर्जी, औषधं, जुने आजार, शेवटचं काय खाल्लं, त्या वेळी काय करत होता. हे इंग्रजीत पाठ होईल. मराठीत करा ना पाठ. बेलव्ह्यू, रेडमंड, सॅमामिशमध्ये मराठी घरं भरपूर आहेत आणि उन्हाळ्यात प्रत्येक दुसऱ्या घरात कोणाचे तरी आईवडील आलेले असतात. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना आजीशी गप्पा मारता येतात, पण "दुखणं एका जागी आहे की हाताकडे, जबड्याकडे सरकतंय?" हे विचारताना त्यांची गाडी अडते. आजी म्हणणार, "काही नाही रे, जरा अस्वस्थ वाटतंय, गॅस झाला असेल." मधुमेही बाईच्या तोंडून आलेलं हे वाक्य मी तरी कधीच हलक्यात घेत नाही. घाम आला का, मळमळतंय का, दम लागतोय का, हे एकेक करून विचारा, आणि उत्तर मुलाकडून नको, तिच्याकडून घ्या. "आई बरी आहे" असं मुलगा सांगतो, कारण त्याला ती बरी असायला हवी असते.

औषधांचा डबा मागा. भारतातल्या पट्ट्यांवरची नावं इथल्या क्रूला माहीत नसतात आणि तिथे तुमचा उपयोग सोन्यासारखा होतो. इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. आधीच घेतली असेल तर किती मिलिग्रॅमची ते बघायचं, कारण इथे छातीच्या दुखण्यात ३२४ मिलिग्रॅम चावून खायला देतात. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवून झाली असेल तर रक्तदाब घसरलेला असू शकतो. ग्लायकोमेट मधुमेहाची, टेल्मा रक्तदाबाची, क्लोपिलेट रक्त गोठू न देणारी. आणि अ‍ॅसिट्रोम! हे रक्त पातळ ठेवणारं औषध अमेरिकेत विकलंच जात नाही, त्यामुळे नाव वाचून कोणाच्या डोक्यात घंटा वाजत नाही. जिन्यावरून पडून डोक्याला टेंगूळ आलेल्या आजोबांच्या डब्यात ते दिसलं तर लगेच सांगा, मोठ्याने सांगा. अशी पंधरा-वीस नावांची वही स्वतः तयार करा, आईबाबांच्या डब्यापासूनच सुरुवात करून.

याच्यासोबत एक पथ्य. आपला समाज लहान आहे. गणपतीच्या कार्यक्रमात कोणीतरी येऊन विचारणारच, "परवा जोशींच्या घरापुढे अ‍ॅम्ब्युलन्स होती म्हणे, तू होतास का?" उत्तर काय द्यायचं ते आत्ताच ठरवून ठेवा आणि ते 'मला सांगता येत नाही' याच्या पुढे जाता कामा नये. कायदाही तेच सांगतो. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाडीचा फोटो नको, पत्ता नको, "आज एक वाईट केस झाली" हेसुद्धा नको.

स्टेशनमधल्या चोवीस तासांसाठी काही सवयी आधीच बदलाव्या लागतात. दाढी ठेवत असाल तर काढावी लागेल. मास्कची कड त्वचेला चिकटून बसली नाही तर धूर आणि जंतू दोन्ही आत येतात. अंगठी, कडं, सोन्याची साखळी, मंगळसूत्र घरी. हातमोजे फाटतात आणि गोंधळलेला रुग्ण हाताला लागेल ते ओढतो. जेवण सगळे पैसे काढून एकत्र करतात आणि नवा माणूस भांडी घासतो, यात अपमान मानायचा नसतो. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सरळ सांगा, कुढत बसू नका. उलट स्वयंपाकाची पाळी आली की पावभाजी करा; भाजी मध्येच सोडून पळावं लागलं तरी बिघडत नाही, परत येऊन गरम केली की झालं. शिफ्टच्या दिवशी निर्जळी उपास मात्र करू नका. एकादशी सुट्टीच्या दिवशी येईल ती धरा.

ईव्हीआयपी नावाचं आपत्कालीन गाडी चालवण्याचं प्रशिक्षण विभागच देतो. फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेचे आयएस-१०० आणि आयएस-७०० हे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, एका शनिवार-रविवारात होतात. अर्जाला जोडून द्या.

घरच्यांशी बोलून घ्या, आणि हे शेवटी ढकलू नका. "डॉक्टरच व्हायचं होतं तर मेडिकलला का नाही गेलास?" हा प्रश्न येणार. मी वाद घालत बसत नाही. पगार, पेन्शन, आरोग्यविमा कागदावर दाखवतो. त्यांना खरी काळजी वेगळीच असते: रात्रभर बाहेर, दिवाळीला ड्युटी, आणि घरी आल्यावर गप्प. शिफ्टहून आल्यावर तासभर कोणी काही विचारू नये, पण त्यानंतर जरूर विचारावं, असं घरात ठरवून टाका. लहान मुलाचा कॉल, ओळखीच्या माणसाचा कॉल, हे येतात. विभागात सहकाऱ्यांचीच आधार देणारी टीम असते. तिच्यातल्या एकाचा नंबर गरज पडण्याआधी फोनमध्ये हवा.

पहिल्या शिफ्टला अर्धा तास आधी पोचा, म्हणजे उतरणाऱ्या माणसाला शेवटच्या क्षणाचा कॉल घ्यावा लागणार नाही. याची आठवण लोक बरेच दिवस ठेवतात. खिशात काळ्या शाईची दोन पेनं, ट्रॉमा कात्री, छोटी टॉर्च, सेकंदकाटा दिसणारं घड्याळ. बॅगेत गणवेशाचा पूर्ण जादा जोड, मोजे, टॉवेल, चार्जर. मग गाडीची तपासणी सुरू करा: ऑक्सिजनचं सिलिंडर किती भरलंय (पूर्ण भरलेलं साधारण २,००० पीएसआय दाब दाखवतं), एईडीची (शॉक देणाऱ्या यंत्राची) बॅटरी आणि पॅडवरची तारीख, सक्शन (तोंडातली लाळ-उलटी खेचणारं यंत्र) खरोखर ओढतंय का, लहान मुलांचा मास्क जागेवर आहे का, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपत आल्यात का. आदल्या शिफ्टने तपासलं होतं म्हणून सोडू नका. कप्पा उघडा, वस्तू हातात घ्या, परत ठेवा, आणि कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे हे गाडीकडे पाठ करून म्हणता येईपर्यंत रोज तेच करा.