कामाची वेळ कुठून मोजायची, ते आधी ठरवा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाताना ‘नऊला येतो’ एवढ्यावर भागत नाही. नऊला गेटवर की नऊला मशीनपाशी? गेट पास, हत्यारांची नोंद, सेफ्टी शूजची तपासणी यात सहज अर्धा तास जातो, आणि शिफ्ट बदलताना तर गेटवर रांगच असते. म्हणून तास कुठून मोजायचे, जेवणाची सुट्टी धरायची का आणि कंपनीमुळे थांबावं लागलं तर त्याचे पैसे कोण देणार, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या. निघताना आत-बाहेरच्या वेळेवर सुपरवायझरची सही घ्या. बिलाच्या वेळी तीच उपयोगी पडते.

फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, भट्टी दुरुस्तीसाठी ठराविक वेळच बंद ठेवतात. तिथे तुमच्या उशिरामुळे पुढची सगळी पाळी अडकते, कामगार बसून राहतात. अशा कामाला आदल्या दिवशीच सामान आत पोहोचवलेलं बरं. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरू नका, विचारून घ्या.

पावसाळ्यात रस्त्याचा अंदाज घेऊनच वेळ द्या. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद पडला होता. उशीर होणार असं दिसलं की लगेच फोन करा आणि ‘आलोच’ म्हणू नका, खरी वेळ सांगा. साहेब रागावतील, पण तेवढ्यात माणसं दुसऱ्या कामाला लावता येतात.