मृगाआधी एकदा उघाडीपाशी जाऊन या

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात मे महिना आला की सगळ्यांचे डोळे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाकडे लागतात. बांध फुटून खांड गेलेली लांबूनही दिसते, म्हणून ती भरली जाते. उघाडीकडे, म्हणजे ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडणाऱ्या आणि भरतीला मिटणाऱ्या बांधातल्या झडपेकडे, मात्र कोणी वाकून बघत नाही. माझ्या मते पहिली फेरी तिथेच मारावी.

ओहोटीला जा. हातात जाड मोजे घाला, कालवं कापतात. झडपेची खाच चाचपून बघा. प्लास्टिकची पिशवी, कांदळाची काटकी, कालवांचा थर, एवढ्यानेही फळी बोटभर उघडी राहते आणि दिवसातून 2 वेळा खाडी शेतात शिरते.

झडपेसमोर गाळ साचला असेल तर उलटी पंचाईत. ओहोटीलाही फळी उघडत नाही, पावसाचं पाणी तुंबतं आणि रोपं कुजतात. उघाडीपासून खाडीच्या धारेपर्यंतचा चर आत्ताच मोकळा करा. काढलेला गाळ चराच्या काठावर ठेवू नका, पहिल्याच सरीत परत आत येईल. तो बांधावर आतल्या अंगाने चढवा आणि चोपा. मातीसाठी बांधाचा पायथा खणू नका. यंत्र लावायचं असेल तर खारभूमी विभागाला आधी लेखी कळवा. कांदळवनाला हात लावू नका; तोडायला कायद्याने बंदी आहेच, शिवाय लाटांचा पहिला मार तेच झेलतं.

हे काम भांगावर, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीत धरा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नाही. जुना हिशेब चांगला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला भरती 6 च्या सुमारास, म्हणजे दुपारी 12 वाजता पाणी उतरलेलं.

शेतात पांढरं मीठ फुटलं असेल तर मातीचा नमुना तपासून घ्या. क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर निघाली तर पेरणीची घाई नको. बांध घालून पहिल्या पावसाचं पाणी शेतात साठवा, मीठ विरघळू द्या, ओहोटीला सोडा. असं दोन-तीनदा करा. बियाणं पनवेल 1, 2 किंवा 3 घ्या, ती खाऱ्या जमिनीसाठीच काढलेली आहेत. लावणीला कोवळी रोपं नकोत. 25-30 दिवसांची घ्या, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) 3-4 लावा.

आणि कळकळीने सांगतो, मासळीसाठी कोणी रात्री झडप उचलून ठेवत असेल तर गावाने एकत्र बसून त्याला थांबवावं. फुलोऱ्यात खारं पाणी शिरलं तर त्या वर्षीचा भात पळिंजच, दाणा पोकळ.