दूध सोडायचंय? आधी चहाचं बघा

साताऱ्यात कुणी व्हीगन होतोय, म्हणजे मटण-अंड्यांसोबत दूध-तूपही सोडतोय, म्हटलं की सगळे आधी मटणाचं विचारतात. मटणाचं काय, ते श्रावणात, मार्गशीर्षात, संकष्टीला तसंही सुटलेलंच असतं. गाडी अडते ती चहापाशी. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की मटण-अंडी आज सोडा, दुधाला दोन महिने द्या, आणि पहिला आठवडा नुसत्या चहाचं बघा. दही-तूप नंतर.

मला यात तीन वर्षं झाली. सासर कोरेगावजवळ, गोठ्यात दोन म्हशी. पारडी झाली की आळीभर पेढे वाटायचे, नर रेडकू झालं की कुणी तोंड उघडत नाही. एका उन्हाळ्यात असंच रेडकू झालं. पान्हा सुटेपर्यंत त्याला आचळाला लावायचं, सुटला की ओढून दाव्याला बांधायचं. महिन्याभरात ते गेलं. म्हैस दोन दिवस रेकत होती, आणि त्या दोन दिवसांत चहाचा कप हातात घेतला की मला गोठाच ऐकू यायचा. आत्याबाई म्हणाल्या, "आगं, म्हशीनं तुझं काय वाकडं केलंया?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट येत नाही.

तर चहा. बाजारातलं सोयाचं दूध मिळतं, पण रोज परवडत नाही. मी शेंगदाण्याचं करते. एक वाटी कच्चे शेंगदाणे रात्री भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून टाका, दाणे तळहातावर चोळून सालं काढा. सालं राहिली तर तुरट लागतं. आधी थोड्या पाण्यात गंधासारखं बारीक वाटा, मग एकूण चार वाट्या पाणी होईल इतकं घालून पंचाच्या धुतलेल्या कापडातून पिळा. चोथा टाकू नका, थालीपिठात जातो. दूध मंद आचेवर दहा मिनिटं उकळा आणि तिथून हलू नका. उतू तर जातंच, पण त्याआधी बुडाला लागतं, आणि एकदा करपलं की तो वास वेलदोड्यालाही आवरत नाही.

पहिल्या दिवशी मी हे दूध नेहमीसारखं आलं-साखरेच्या चहात ओतलं आणि उकळी आणली. फाटलं. वर पाणी, खाली चुरा. आता पाणी, साखर, पत्ती, आलं आधी चांगलं उकळून गाळते, आणि गरम केलेलं दूध गॅस बंद केल्यावर घालते. गवती चहाची दोन पाती टाकली तर शेंगदाण्याचा वास दबतो. जात नाही, दबतो. महिन्याभरात जिभेला सवय होते.

दह्यासाठी दूध दाट हवं, तीन वाट्या पाण्याचंच करा. कोमट झालं की हिरव्या मिरचीचे आठ-दहा देठ त्यात बुडवून रात्रभर उबेला ठेवा. पहिलं दही बेताचंच लागतं, त्यातलं चमचाभर विरजण म्हणून वापरलं की दुसरं सुधारतं. कापून खाण्यासारखं घट्ट होत नाही, पण कढीला चालतं. आत्याबाईंनी ती कढी खाऊन विचारलं, "आज ताक गोडसर लागतंय, काय घातलंय म्हशीला?"

बाकी जेवणाची काळजी करू नका. पिठलं-भाकरी, खर्डा, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, कारळ्याची चटणी, यात दूध नव्हतंच कधी. कॅल्शियमसाठी तीळ आणि जावळी-पाटणकडची नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कॅलिफोर्नियाचे बदाम आणून दूध काढण्याची हौस मला पटत नाही. हायवेच्या ढाब्यावर अख्खा मसूर मागवताना "बटर नको, तेलात करा, रोटीला काही लावू नका" एवढं आधीच सांगा.

पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका. त्यात दूध चालतं. घटकांत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन शोधा, ही सगळी दुधाचीच नावं. एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे, व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम 2022 मध्ये आले. त्यांचं चिन्ह हिरवं, इंग्रजी व्ही अक्षराचं आणि त्यावर रोपटं, पण आपल्याकडच्या दुकानांत ते क्वचितच दिसतं. मधही सोडायचा. गूळ चालतो.

लोकांना कारण काय सांगायचं? "दूध पोटाला चालत नाही" अशी थाप मी सुरुवातीला मारली. प्रत्येक मावशीने एकेक काढा सांगितला. त्यापेक्षा खरं बोला. पंचामृत तळहातावर घेऊन डोक्याला लावते, कुणी हटकत नाही. दुसऱ्याच महिन्यात पुतण्याच्या निकालाला मी कंदी पेढा खाल्ला होता. खाल्ला तर खाल्ला, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू.

घरात वाद झाला तो आकड्यांवरून. 2018 मध्ये सायन्स नियतकालिकात 119 देशांतल्या सुमारे 38,000 शेतांचा अभ्यास आला. त्यात जगाच्या सरासरीने लिटरभर दुधामागे सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइडएवढे हवा तापवणारे वायू निघतात, सोयाच्या दुधामागे एक किलोच्या आसपास. हे म्हणाले, "आपली म्हैस वाडं आणि कडबा खाते, तिचा हिशेब वेगळा." असेल. पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो आणि मिथेन, त्यातलाच एक वायू, ढेकरेतून बाहेर पडतो, हे आमच्या म्हशीलाही लागू आहे. हे अजून दुधाचाच चहा पितात. दोन पातेली ठेवते, भांडण नाही.

एका गोष्टीत मात्र हयगय नको, ती म्हणजे बी-12 जीवनसत्त्व. भाज्यांतून, डाळींतून ते भरवशाने मिळत नाही, आणि कमी पडलं तर मुंग्या येण्यापासून विसरभोळेपणापर्यंत त्रास होतो. सुरू करण्याआधी रक्त तपासा, डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, वर्षाने पुन्हा तपासा. मेडिकलमध्ये कॅप्सूल नको म्हणा, तिचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. साधी गोळी मागा. आमचा मेडिकलवाला पहिल्यांदा माझ्याकडे बघतच राहिला, आता मी पायरी चढले की पाकीट काढून ठेवतो.