व्हेंडरचं बिल अडतं कुठे? प्रोसेस मॅपिंगला बसण्याआधीची तयारी

चाकण-रांजणगावकडच्या कारखान्यात व्हेंडरची बिलं वेळेवर निघत नाहीत म्हणून प्रोसेस मॅपिंगसाठी, म्हणजे बिल प्रत्यक्षात कोणत्या टप्प्यांतून जातं याचं चित्र काढायला, बिझनेस अ‍ॅनालिस्टला बोलावलं, की पहिल्याच दिवशी कोणीतरी आयएसओच्या फाइलमधला फ्लोचार्ट हातात ठेवतं. तो घ्या, पण काम त्यावरून सुरू करू नका. त्या कागदावर पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), बिल, पेमेंट असे सात-आठ चौकोन एका रांगेत असतात आणि त्यातलं एकही काम अर्ध्या तासाच्या वर जात नाही. तरी बिलाला चाळीस दिवस लागतात. हे दिवस चौकोनांना जोडणाऱ्या बाणांत लपलेले असतात, म्हणून पुढची सगळी तयारी बाणांसाठी करायची आहे.

सगळ्यात आधी घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं, हे लेखी ठरवून घ्या. अकाउंट्स म्हणणार, बिल आमच्या टेबलावर आलं त्या दिवसापासून मोजा. परचेस म्हणणार, बिलावरच्या तारखेपासून. व्हेंडरच्या लेखी माल गेटातून आत गेला तेव्हाच घड्याळ सुरू झालं, आणि कायदा त्याच्याच बाजूला झुकतो. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. करार नसेल तर १५ दिवस. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे इन्स्पेक्शनच्या रॅकवर माल तीन आठवडे पडला असेल, तर ते तीन आठवडेही तुमच्याच खात्यात जमा. मुदत चुकली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईल त्याच वर्षी आयकरासाठी खर्च म्हणून धरता येते. म्हणून पहिल्याच आठवड्यात व्हेंडर मास्टरमधून (सिस्टिममधल्या व्हेंडरांच्या यादीतून) उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्यांची यादी काढून घ्या आणि सूक्ष्म, लघु, मध्यम असे वेगळे करा. मध्यम उद्योग या मुदतीच्या तरतुदीत येत नाहीत. आणि दिवस कॅलेंडरचे मोजायचे, कामाचे नव्हेत.

मग व्याप्ती. ‘सगळी बिलं’ असं उत्तर आलं तर ते मान्य करू नका. पीओवर आलेला कच्चा माल, सर्व्हिसची बिलं, भांडवली खरेदी आणि पीओशिवाय येणारी विजेसारखी बिलं या चार निरनिराळ्या प्रक्रिया आहेत. एका चित्रात कोंबल्या तर कोणाच्याच उपयोगाच्या राहत नाहीत. पीओवरच्या मालापासून सुरुवात करा. त्यातही मोजायचं एकक कोणतं, ते ठरवा. एका पीओवर बारा वेळा माल येतो, दोन जीआरएन मिळून एक बिल येतं. एकक ‘बिल’ धरलं की पेमेंटपर्यंतचा माग नीट लागतो. ‘पीओ’ धरलं तर वर्षभर उघडी असलेली ऑर्डर सरासरीचा पार चुथडा करते.

डेटा मागताना आयटीला नुसतं ‘बिलांचा रिपोर्ट द्या’ म्हणू नका. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: बिलाचा क्रमांक, काय घडलं आणि कधी घडलं. एसएपी हे सॉफ्टवेअर असेल तर पीओ, मिगो (माल मिळाल्याची एंट्री), क्वालिटीचा निर्णय, मिरो (बिलाची एंट्री), ब्लॉक म्हणजे अडवलेलं बिल मोकळं झाल्याची नोंद आणि एफ-११० चा पेमेंट रन (एकत्र पेमेंट सोडणं), एवढे टप्पे सहज मिळतात. इथे एक सापळा असतो, त्यात नवखे हमखास पडतात. प्रत्येक डॉक्युमेंटला तीन तारखा असतात. डॉक्युमेंट डेट व्हेंडरच्या कागदावरची. पोस्टिंग डेट हिशेबाची, आणि ती पिरियड (हिशेबाचा महिना) उघडा असेपर्यंत मागची टाकता येते. एंट्री डेट मात्र सिस्टिम स्वतः टाकते. पोस्टिंग डेटवर विश्वास ठेवला तर महिनाअखेरीला स्टोअर आणि अकाउंट्स विलक्षण वेगाने काम करतात असं दिसेल. उशीर शोधायला एंट्री डेटच वापरा. सहा महिन्यांचा डेटा पुरतो. त्यात मार्च येत असेल तर तो बाजूला काढून वेगळा बघा.

सिस्टिममध्ये जे टप्पे नसतात त्यासाठी तीसेक बिलं निवडून त्यांचा कागदी माग काढावा लागतो. बिलं निवडताना अकाउंट्सने काढून दिलेला गठ्ठा घेऊ नका, तो धुऊन-पुसून आलेला असतो; क्रमांकांवरून स्वतः निवडा. गेटवरचं सिक्युरिटीचं रजिस्टर, ड्रायव्हरच्या हातून आलेल्या बिलावरचा इनवर्डचा शिक्का, परचेसमधल्या सहीची तारीख आणि अकाउंट्सचं आवक रजिस्टर या चार तारखा एका एक्सेलमध्ये शेजारीशेजारी लिहिल्या की बाण बोलू लागतात. गेट एंट्री सोमवारची आणि मिगो शुक्रवारचं असं वरचेवर दिसलं, तर स्टोअर आळशी आहे असा निष्कर्ष काढायची घाई नको. बहुतेक वेळा पीओमध्ये क्वांटिटी शिल्लक नसते किंवा डिलिव्हरी शेड्यूल बदललेलं नसतं, त्यामुळे मिगो होतच नाही आणि स्टोअरकीपर परचेसला फोन करत बसतो.

हातात आकडे आले की सरासरीवर थांबू नका. बिलं दिवसांप्रमाणे लावून मधल्या बिलाचे दिवस आणि शंभरातल्या नव्वदाव्या बिलाचे दिवस काढा. मधलं बिल १२ दिवसांत निघतं आणि नव्वदावं ५० दिवसांत, असं दिसलं तर सरळ मार्ग ठीक आहे, बिघाड अपवादांत आहे; मग वर्कशॉपचा बहुतेक वेळ अपवादांना द्यायचा. आकडे खरे आहेत का, याचा एक सोपा ताळा आहे. आज अकाउंट्सकडे पडून असलेली बिलं मोजा आणि रोज निकाली निघणाऱ्या बिलांनी भागा. ६०० पडून आणि रोज ४० निघतात, तर एका बिलाला सरासरी १५ दिवस लागणारच. हाच लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये मांडली. अकाउंट्सचा प्रमुख ‘आमच्याकडे तीन दिवसांच्या वर काही राहत नाही’ म्हणाला, तर वाद घालू नका, कपाटातली बिलं मोजू द्या म्हणा.

दुसरा हिशेब पहिल्या फटक्यात पार होण्याचा. पाच टप्प्यांवर प्रत्येकी शंभरातली ९५ बिलं बिनचूक जात असतील, तर पाचही टप्पे न अडता ओलांडणारी फक्त ७७ उरतात. प्रत्येक विभाग आपल्या ९५ वर खूश असतो आणि तरी जवळजवळ दर चौथं बिल परत फिरतं. परत फिरण्याची कारणं आधीच गटांत मांडून ठेवा: पीओतला दर जुना, क्वांटिटीत फरक, एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) किंवा जीएसटीची चूक, रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालाची वजावट) बाकी, पीओच बिलानंतर बनलेला, आणि जीएसटीआर-२बीमध्ये (व्हेंडरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) बिल दिसत नाही म्हणून थांबवलेलं पेमेंट. सिस्टिममधल्या टॉलरन्सचा, म्हणजे किती फरक चालतो त्याचा, आकडाही विचारून घ्या. तो शून्य असेल तर बारा रुपयांच्या फरकासाठी दोन लाखांचं बिल ब्लॉक होतं, आणि तो ब्लॉक काढायचा अधिकार असलेला माणूस नेमका टूरवर असतो.

प्रत्यक्ष पाहणीला किमान दोन दिवस ठेवा: एक स्टोअरमध्ये, एक अकाउंट्समध्ये. स्टॉपवॉच घेऊन माणसाच्या डोक्यावर उभं राहू नका, त्याचं काम लगेच पुस्तकी होतं. गठ्ठ्यांवर लक्ष ठेवा. स्टोअरमधून बिलं शनिवारी एकदाच अकाउंट्सला जात असतील तर रोज सारखी येणारी बिलं सरासरी साडेतीन दिवस नुसती बसतात. पेमेंट रनही आठवड्यातून एकदाच असेल तर आणखी साडेतीन. सात दिवस गेले, आणि कोणीही काही चुकलेलं नाही. फ्लोचार्टवर हे कधीच उमटत नाही, कारण गठ्ठा हे कोणाचं ‘काम’ नसतं.

वर्कशॉपची तारीख जपून निवडा. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला २बी येतं, २० ला ३बी (जीएसटीचं मासिक विवरण), आणि २५ नंतर महिनाअखेरीची धावपळ. अकाउंट्सची माणसं मोकळ्या डोक्याने मिळतात ती साधारण २१ ते २४ या दिवसांत. मार्च आणि दिवाळीचा आधीचा आठवडा विसरा. सहा ते आठ माणसं पुरेत आणि ती प्रत्यक्ष हाताने काम करणारी हवीत: स्टोअरकीपर, इनवर्डचा क्लार्क, इन्स्पेक्टर, बायर, मिरो करणारी व्यक्ती, पेमेंट रन चालवणारी व्यक्ती. विभागप्रमुखांना शेवटच्या अर्ध्या तासात बोलवा. साहेब समोर बसले की स्टोअरकीपर ‘जीआरएन त्याच दिवशी होतं’ एवढंच सांगतो. दुसऱ्या शिफ्टच्या माणसालाही बोलवा. रात्री आलेल्या ट्रकचं काय होतं, ते त्यालाच ठाऊक असतं.

तीन तासांच्या बैठकीला तीन मीटर ब्राउन पेपर, दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या (एक कामासाठी, एक वाट पाहण्यासाठी) आणि जाड मार्कर लागतात. लॅपटॉपवर थेट आकृती काढू नका, सगळे एका माणसाच्या माउसकडे बघत बसतात. प्रश्न आधीच लिहून न्या आणि ‘साधारणपणे काय करता?’ हा त्यात नको. त्याचं उत्तर नियमावलीतून येतं. त्याऐवजी मागच्या आठवड्यातली पाच खरी बिलं छापून न्या, त्यातली दोन अडकलेली, आणि प्रत्येकाला विचारा: हे तुमच्या हातात आलं तेव्हा त्यासोबत काय होतं, काय नव्हतं, आणि तुम्ही कोणाला फोन केला? फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालणारी खरी प्रक्रिया या तिसऱ्या प्रश्नाने बाहेर येते.

आकृती बीपीएमएन २.० मध्ये (प्रक्रियेच्या आकृत्यांची ठरलेली चिन्हपद्धत) काढणार असाल तर साचा आधीच तयार ठेवा. कंपनी हा एक पूल, म्हणजे मोठी चौकट, त्यात विभागांच्या लेन (पट्ट्या). व्हेंडर हा वेगळा, बंद पूल. दोन पुलांमध्ये फक्त तुटक रेषेचा मेसेज फ्लो जातो. सलग बाण पूल ओलांडत नाही. चौकोनात काम लिहा, ‘दर तपासणे’ असं, विभागाचं नाव नको. सर्वांत महागाची चूक गेटवेची, म्हणजे वाटा फुटण्याच्या आणि जुळण्याच्या चिन्हाची. फुलीच्या गेटवेने वाट एकाच बाजूला वळवली आणि पुढे अधिकच्या चिन्हाच्या गेटवेने जोडली, तर तो दुसऱ्या वाटेची कायम वाट बघत राहतो. उलट केलं तर पुढचं काम दोनदा होतं, म्हणजे कागदावर तरी पेमेंट दोनदा. चित्र पन्नास घटकांच्या पुढे गेलं की उपप्रक्रियेत मोडा.

सुधारणांच्या चर्चेआधी अधिकारांचा तक्ता आणि मागच्या वर्षभरातल्या मंजुऱ्यांचा हिशेब हातात हवा. तिसऱ्या सहीने वर्षभरात एकही बिल नाकारलं नसेल, तर ती सही कशासाठी आहे, हा प्रश्न उघडपणे विचारता येतो. पण कात्री चालवताना इंटर्नल ऑडिटचा माणूस खोलीत असू द्या. पीओ बनवणारा, माल घेणारा आणि पैसे सोडणारा वेगळाच राहायला हवा, आणि व्हेंडरचा बँक खाते क्रमांक बदलताना जुन्या नंबरवर फोन करून होणारी खातरजमा कितीही वेळ खात असली तरी काढायची नाही. तीच निघाली की खोट्या ईमेलवर पैसे जातात.

बैठक संपल्यावर कागद गुंडाळण्याआधी फूटभर भाग दिसेल असे फोटो घ्या, चिठ्ठ्या वाटेत गळतात. दोन दिवसांच्या आत स्वच्छ आकृती, प्रत्येक बाणावर मोजलेले दिवस लिहून, त्याच सहा-आठ जणांना छापून परत द्या आणि चुका लाल पेनने खुणावायला सांगा. आठवडा गेला तर ते वाचतही नाहीत, ‘बरोबर आहे’ म्हणून सही करून देतात.