रस्त्यावर उभी असलेली जुनी, दुर्मिळ गाडी ओळखायची कशी

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. दुर्मिळ गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे लाल फेरारी नाहीतर क्रोमने लखलखणारी लांबलचक अमेरिकन गाडी येते. दिसली तर बघा की जरूर, पण अशा गाड्या पहिल्या दिवसापासून मालकांनी जपलेल्या असतात, कुठली गाडी कोणाकडे आहे याचा हिशोबसुद्धा शौकिनांकडे असतो. खरी दुर्मिळ झालेली असते ती साधी गाडी. जी लाखांनी खपली, जिच्या मागच्या सीटवर गोण्या टाकून नेल्या, जिला कोणी कधी धड पॉलिश केलं नाही, ती जपायची कोणाला सुचणार? ती गंजली, मग पार्ट मिळेनात, मग भंगारात गेली. त्यात २००९ साली बऱ्याच सरकारांनी जुनी गाडी मोडीत काढा आणि नव्या गाडीवर पैसे मिळवा अशा स्कीम काढल्या, एकट्या अमेरिकेत पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या गेल्या आणि त्या परत रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनातलं ऑइल काढून सोडियम सिलिकेटचं पाणी भरायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे. जर्मनीत त्याच वर्षी वीसेक लाख गाड्या गेल्या.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच की टॉप मॉडेलच्या मागे लागू नका, बेस मॉडेल शोधा. चार दरवाजे, सगळ्यात छोटं इंजिन, फिका तपकिरी नाहीतर मळका हिरवा रंग, प्लॅस्टिकचे व्हीलकॅप. स्पोर्टी दोन दरवाजेवाली लोकांनी ठेवली, आणि वर तिच्यासाठी पार्ट हवेत म्हणून साध्या गाड्या फोडल्या, काहींनी तर साध्या गाडीलाच रंगीत पट्टे मारून आणि मडगार्ड फुगवून रॅलीची गाडी बनवली. फोर्ड एस्कॉर्टच्या पहिल्या पिढीचं असंच झालं, आज कंपनीतून आली तशी साधी ११०० सीसीवाली दिसली तर मी रॅलीवाल्या दहा सोडून तिच्यापाशी थांबेन. ब्रिटनमध्ये २०१४ पासून फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल नावाचा मेळावाच भरतो, फक्त असल्या सामान्य गाड्यांचा, म्हणजे हे वेड माझ्या एकट्याचं नाहीये.

आता बघायचं कसं. लांबून बॅज दिसत नाही, रंगावर भरवसा नाही, त्यामुळे आकार बघायचा. जुनी गाडी आजच्या गाड्यांच्या रांगेत उभी असली की एकदम बुटकी आणि अरुंद दिसते. छताचे खांब बारीक, काचा मोठ्या, टायर सडपातळ. छताच्या कडेने पाणी वाहून जायला पन्हळ असते, पुढच्या दरवाज्याच्या काचेला छोटी त्रिकोणी काच असते जी वेगळी उघडते. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की पावलं हळू करायची. काही आकार मात्र असे आहेत की एकदा बघितले की विसरता येत नाहीत, जसं की मागची काच उलटी तिरकी, म्हणजे वरून पुढे यायच्या ऐवजी खालून आत गेलेली. ती फोर्ड अँग्लिया १०५ई ला होती, १९५९ ची, आणि सित्रोएन आमी ६ ला, १९६१ ची. बीएमडब्ल्यूच्या इझेटाचा तर दरवाजाच पुढच्या तोंडाला, त्यात ओळखायला काय लागतं.

पण सगळं एकदम शिकायला जाऊ नका, डोकं फिरेल. एकच गाडी घ्या आणि तिची पारायणं करा. फोक्सवॅगनची बीटल घेतली तर उत्तम, कारण २ कोटी १० लाखांच्या वर बनल्या, २००३ पर्यंत मेक्सिकोत चालू होत्या, त्यामुळे जगात कुठेही असा, एखादी तरी दिसतेच. आणि बाहेरून सगळ्या सारख्या वाटतात पण नाहीत. मागची काच दोन तुकड्यांत असेल तर मार्च १९५३ च्या आधीची, ही दिसली तर फोन करून मित्राला झोपेतून उठवायला हरकत नाही. अंडाकृती एकच काच असेल तर तिथून पुढे १९५७ पर्यंतची, त्यानंतर काच चौकोनी आणि मोठी होत गेली. हेडलाइट काचेच्या आवरणाखाली मागे झुकलेले असतील तर १९६७ च्या मध्यापर्यंतची, सरळ उभे असतील तर नंतरची. टेललॅम्प तर दर काही वर्षांनी मोठे होत गेलेत. पुढची काच बाहेर गोल आलेली असेल तर ती १३०३ नावाचं मॉडेल, म्हणजे सत्तरच्या दशकातली. एवढं एका गाडीचं जमलं की नजर आपोआप काच, लाइट, बंपर या तीन जागी जायला लागते आणि मग दुसरी कुठलीही गाडी शिकायला फार वेळ लागत नाही. मिनीला दरवाज्याच्या बिजागऱ्या बाहेर आणि काचा सरकत्या असतील तर जुनी, बिजागऱ्या आत गेल्या १९६९ मध्ये. पोर्शे ९११ ला बंपरच्या दोन टोकांना काळे रबरी घडीचे तुकडे दिसले तर १९७४ किंवा नंतरची. जॅग्वार ई-टाइपचे मागचे लाइट बंपरच्या वर म्हणजे पहिली सिरीज, खाली म्हणजे नंतरची. असं करत करत साठत जातं.

लाइट आणि बंपरचं थोडं जास्त सांगतो कारण तिथे कायद्याचा हात असतो, आणि कायद्याला तारीख असते. अमेरिकेत १९४० पासून सगळ्या गाड्यांना एकाच मापाचे गोल हेडलाइट बंधनकारक झाले, सात इंचाचे दोन. १९५८ च्या आसपास चार छोटे गोल लावायची परवानगी आली आणि सगळ्या कंपन्या त्यावर तुटून पडल्या. चौकोनी आले १९७५ मॉडेलपासून. कंपनीच्या स्वतःच्या आकाराचे लाइट यायला थेट १९८४ ची लिंकन मार्क सेव्हन उजाडावी लागली. मडगार्डच्या बाजूला छोटे लाइट किंवा रिफ्लेक्टर दिसले तर १९६८ किंवा नंतरची अमेरिकन बाजाराची गाडी. १९७३-७४ ला ताशी पाच मैलाच्या धक्क्याला टिकणारे बंपर सक्तीचे झाले, आणि नाजूक युरोपियन गाड्यांच्या तोंडाला रेल्वेचे रूळ जोडल्यासारखे ते बंपर आले. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार बघा, १९७४ च्या शेवटापासून क्रोम गेलं, काळं रबर आलं आणि अख्खी गाडी उंच केली, माझ्या मते बिचारीचा चेहराच गेला. अमेरिकन बाजाराच्या गाडीला मागच्या काचेत तिसरा ब्रेक लाइट कंपनीचा असेल तर बहुधा १९८६ किंवा नंतरची. फ्रान्समध्ये हेडलाइट पिवळे असायचे, १९९३ पर्यंत, त्यामुळे पिवळी काच दिसली की गाडी फ्रान्समधून आली का ही शंका घ्यायची, अर्थात हौसेने पिवळे बल्ब लावणारे पण असतात.

गाडी कुठल्या देशासाठी बनली हे बघायचं असेल तर वाकून लाइटच्या काचेवर बघा. गोलात ई आणि त्यापुढे आकडा असतो, तो ज्या देशाने मंजुरी दिली त्याचा. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ५ स्वीडन, ११ ब्रिटन. अमेरिकन लाइटवर एसएई ही अक्षरं असतात. मागचा इंडिकेटर लाल असेल तर अमेरिकेचा संशय पक्का. टायर पण वाचा. बाजूला कोरलेल्या कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, ३५०६ म्हणजे २००६ चा ३५ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा, म्हणजे ही गाडी किती वर्षं हललेली नाही ते तुम्हाला मालकाला न विचारताच कळलं.

एकच गाडी वेगवेगळ्या नावाने फिरते, हेही लक्षात ठेवा. १९६६ ची फियाट १२४ घ्या, तीच रशियात १९७० पासून व्हीएझेड २१०१ झाली, स्पेनमध्ये सिएट, तुर्कीत मुरात, आणि भारतात प्रीमियर ११८एनई, तीत तर इंजिन निसानचं. रशियन गाडीला मागे डिस्क ब्रेक काढून ड्रम दिले आणि पुढे हँडल मारून चालू करायची सोय ठेवली, थंडीत बॅटरी बसते ना. म्हणजे ओळखीची बॉडी दिसली की लगेच नाव ठोकून मोकळं व्हायचं नाही, बॅज, हँडल, जाळी सगळं बघायचं.

कान पण वापरायचे. टू-स्ट्रोक गाडी येतीये हे ती वळणावर दिसायच्या आधी कळतं, जुन्या स्कूटरसारखा आवाज आणि मागे निळसर धूर. ट्राबांट, वार्टबुर्ग, जुनी डीकेडब्ल्यू, आणि साब ९६ पण, तिला फोर्डचं व्ही४ इंजिन नंतर आलं. मागून एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची खडखड आली तर बीटल किंवा तिच्या घरातलं कोणीतरी, आणि एखाद्या मोठ्या काळ्या विचित्र गाडीतून मागूनच एअर-कूल्ड व्ही८ ऐकू आलं तर ती टाट्रा ६०३ असू शकते, मग मात्र जे काही काम करत असाल ते सोडा.

उभ्या गाडीची पण भाषा असते. सित्रोएन डीएस किंवा सीएक्स जमिनीला टेकल्यासारखी बसलेली दिसली तर सस्पेन्शन गेलंय म्हणून हळहळू नका, त्यात तेल आणि गॅसचं हायड्रॉलिक असतं, उभं राहून प्रेशर उतरलं की ती बसते आणि इंजिन चालू केलं की उठते. ते उठणं बघायला मिळालं तर थांबून बघा. साब ९०० मध्ये खिडकीतून डोकावलं तर किल्लीची जागा दोन सीटच्या मधे दिसेल. रेनो ४ च्या दोन्ही बाजूंनी पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर मोजलं तर वेगवेगळं निघतं, मागच्या सस्पेन्शनचे आडवे दांडे एकापुढे एक बसवलेत म्हणून. फोटोत कळत नाही, पण माहीत असलं की दोन्ही बाजूंनी फेरी मारल्याशिवाय राहवत नाही.

फसवणाऱ्या गाड्या भरपूर. सगळ्यात गोड फसवणारी म्हणजे निसान फिगारो, साठच्या दशकातली वाटते आणि आहे १९९१ ची, फक्त २०,००० बनवल्या, मागणी इतकी की सोडत काढून विकल्या. तिला मी खोटी म्हणणार नाही, ती स्वतःच आता जुनी झालीये. पण पोर्शे ३५६ स्पीडस्टर दिसली तर आधी शंकाच घ्या, बीटलच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी बसवलेल्या कितीतरी फिरतात. एसी कोब्रा तर रस्त्यावर दिसली की ती नक्कल आहे असं धरूनच चालायचं. खिळ्याएवढ्या फटी सगळीकडे एकसारख्या, टिचकी मारली तर पत्र्यासारखा खणखणीत आवाज नाही (टिचकी मालकाने मारायची, तुम्ही नाही), आतले मीटर आणि बटणं नव्या बनावटीची, अशा गोष्टींनी पोल खुलते. नंबर प्लेट पण बोलते. ब्रिटनमध्ये क्यू ने सुरू होणारा नंबर म्हणजे वय पक्कं ठरवता न आलेली किंवा जोडजाड करून बनवलेली गाडी, आणि काळी प्लेट फक्त १९८० च्या आधी बनलेल्या गाडीला चालते. जर्मनीत नंबरच्या शेवटी एच असेल तर गाडी किमान तीस वर्षांची आणि मूळ स्थितीच्या जवळची. फिवा ही जुन्या गाड्यांची जागतिक संस्थासुद्धा गाडीला ऐतिहासिक म्हणायला तीस वर्षंच धरते.

शोधायचं कुठे, तर प्रदर्शनात नाही. किंवा प्रदर्शनाला जा पण आत कमी वेळ घालवा आणि बाहेरच्या पार्किंगमध्ये जास्त, कारण ज्यांना आत जागा मिळाली नाही किंवा आपली गाडी एवढी खास आहे असं वाटलंच नाही ते तिथे लावतात. बाकी डेंटिंग-पेंटिंगवाले, रेडिएटर दुरुस्त करणारे, सीट शिवणारे यांच्या दुकानाबाहेरून जाताना मान वळवायची सवय लावा. सुट्टीच्या दिवशी पहाटे रस्ते मोकळे असताना शौकीन लोक गाडी बाहेर काढतात, पावसात काढत नाहीत. हायवेवर गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर बघा. आणि कव्हरखालची गाडी, तिच्यात तर वेगळीच मजा आहे, कव्हर न उचलता फक्त उंची, चाक आणि बंपरची टोकं बघून ओळखायची.

दिसली की फोटो काढा पण क्रम ठेवा. आधी लांबून पूर्ण बाजू, मग मागून, मग बॅज, लाइटवरचे आकडे, काचेच्या कोपऱ्यातला शिक्का. समोरून लोक हमखास काढतात आणि ओळखायला तोच फोटो सगळ्यात कमी कामाचा. गाडी चालवत असाल तर फोटोचा विचारच नको, शेजारी बसलेल्याला सांगा. काचेला नाक लावायचं नाही, बॉनेटवर टेकायचं नाही, कोणाच्या आवारात शिरायचं नाही. ऑनलाइन टाकताना नंबर प्लेट झाका आणि जागा सांगू नका, विशेषतः गाडी रोज तिथेच उभी राहत असेल तर, कारण आपल्यासारखेच हे फोटो चोर पण बघतात.

मालक भेटला तर किंमत विचारू नका, कितीला देणार हे तर अजिबात नको, तो प्रश्न त्याने आधीच हजारदा ऐकलेला असतो. विचारा, पार्ट कुठून मिळवता? मग बघा, सायलेन्सर कुठून आला, काच कोणी दिली, कार्ब्युरेटर कोणाकडून जुळवून घेतला हे सगळं निघतं आणि त्यातच बहुतेक वेळा पुढचा पत्ता असतो, कारण असल्या गाडीचे पार्ट ज्याच्याकडे मिळतात त्याच्या शेडमध्ये मागे अजून दोन-तीन अर्धवट उघडलेल्या पडलेल्या असतातच.