नळाचे पाणी कधी कोमट, कधी गार का येते?

गरम पाण्याचा नळ सोडल्यावर सुरुवातीला येणारे गार पाणी हा गिझरचा दोष नसून, मागच्या वापरानंतर नळीतच थांबून निवलेले ते पाणी असते. आतील व्यास 15 मिलिमीटर असलेल्या 10 मीटर लांबीच्या नळीत असे सुमारे पावणेदोन लिटर पाणी साठते, म्हणून ते बादलीत धरून इतर कामांसाठी वापरावे.

थंड नळाचे तापमानही स्थिर नसते. जमिनीखालच्या नळीतील पाणी मातीच्या तापमानामागे सावकाश बदलते, तर गच्चीवरील टाकीतील पाणी उन्हाने दुपारपर्यंत चांगलेच तापते. याचा परिणाम मिश्रणावर होतो: 60 अंश सेल्सिअसचे गरम आणि 20 अंशांचे थंड पाणी समसमान घेतल्यास 40 अंशांचे पाणी मिळते, परंतु थंड पाणी 10 अंशांवर उतरले की त्याच 40 अंशांसाठी गरम पाण्याचा वाटा 60 टक्के लागतो आणि साठवणीचा गिझर लवकर रिकामा होतो.

तात्काळ पाणी तापवणाऱ्या गिझरचे गणित मात्र वेगळे आहे. 3 किलोवॅटचा असा गिझर मिनिटाला 2 लिटर प्रवाह असताना तापमान जास्तीत जास्त 21 अंशांच्या आसपास वाढवतो, त्यामुळे हिवाळ्यात पाणी कोमट वाटल्यास नळ अधिक सोडण्याऐवजी (बहुतेकजण नेमके तेच करतात) थोडा आवळावा.

60 अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजू शकते, म्हणून लहान मुलांना अंघोळ घालताना बादलीत आधी थंड पाणी घ्यावे.